दवंडीवर विश्वास ठेवणारं एक घर

आमच्या गल्लीत त्याला नावाने हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. कार्यालयाच्या दप्तरी तो 'तात्पुरता उद्घोषक' आहे. लागला तेव्हा तात्पुरता होता, केस पिकले तरी तात्पुरताच आहे. कायमची झाली ती फक्त त्याच्या घशातली खवखव. आम्ही त्याला दवंडी म्हणतो. तोंडावरही म्हणतो. त्याला राग येत नाही. राग यायला माणसाला थोडीफार पत असावी लागते, आणि आमच्या गल्लीत दवंडीची पत कधीच रसातळाला गेली होती.

काम म्हणाल तर सोपं. कार्यालयातून कागद घ्यायचा, तीनचाकी गाडीत बसायचं आणि टपावरच्या कर्ण्यांतून तो कागद कोपऱ्याकोपऱ्यावर जसाच्या तसा वाचायचा. पाणी येणार, पाणी जाणार, रस्ता खणणार, खणलेला बुजवणार, कर भरा, कुत्री बांधा. एका हाताने गाडी, दुसऱ्या हातात माइक, कागद पुढच्या काचेला चिमट्याने लावलेला. माणूस काडीपैलवान, गळ्याला बारा महिने मफलर; पण आवाज असा, की बंद दारातून आत यावा आणि खुर्ची ओढून बसावा.

कार्यालयाचा त्याच्यावर विश्वास नव्हता. हा पठ्ठ्या कागद न वाचताच झाडाखाली ताणून देत असेल तर? म्हणून त्याच्यामागे सायकलवरून एक माणूस पाठवलेला असे. त्याचं काम ऐकण्याचं. घोषणा झाली आणि ती आपण ऐकली, असा दाखला त्याने रोज द्यायचा. त्याला आम्ही कान म्हणायचो. कान फार व्यवहारी माणूस. रोज मेलं तेच ते काय ऐकायचं, म्हणून तो कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत बसून 'घोषणा कागदाबरहुकूम झाली, स्पष्ट ऐकू आली' असं आधीच लिहून मोकळा व्हायचा आणि पेपरातलं कोडं सोडवत बसायचा. कानावर नजर ठेवायला आणखी एक माणूस नेमायचं चाललं होतं म्हणे, पण त्या जागेला मंजुरी मिळाली नाही.

आता आम्ही तरी कार्यालयाला का मानावं? आमच्या गल्लीत सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक गृहस्थ आहे. वकिली त्याने कधी केलेली नाही, पण वाद घातल्याशिवाय तो पंक्चरही काढत नाही, म्हणून तो वकील. या वकिलाने आम्हाला नियम घालून दिला होता: कार्यालय जे बोलेल त्याच्या उलट धरायचं. 'उद्या सकाळी पाणी येईल' असं दवंडी ओरडून गेला की आम्ही कळश्या उचलून मागच्या विहिरीकडे. 'उद्या पाणी येणार नाही' म्हणाला की पिंपं घासूनपुसून नळाखाली. 'रस्ता कामासाठी बंद' म्हणाला की कापडाचे गठ्ठे मी खुशाल त्याच रस्त्याने मागवायचो, कारण तिथे काम करायला चिटपाखरूही फिरकणार नाही याची खात्री. आणि सांगायला बरं वाटत नाही, पण वकिलाचा नियम बहुतेक वेळा तंतोतंत लागू पडे. कार्यालयाने महिनाभर सलग खरं बोलायचं ठरवलं असतं, तर आमच्या संसारांचं वेळापत्रक कोलमडलं असतं.

त्यातून दुधाने तोंड पोळलेलंच होतं. एकदा दवंडीने घोषणा केली, की डास मारायची धुरळणी आहे, घरं बंद करून सगळ्यांनी शाळेच्या मैदानावर थांबावं. आम्ही शहाण्यासारखे गेलो. परत येऊन बघतो तो डास जागच्या जागी, आणि प्रत्येक घरापुढची पायरी, पत्रा, पडवी गायब. अतिक्रमण म्हणे. माझ्या शिवणाच्या दुकानापुढची छोटी पडवी गेली, तिच्यासोबत तिच्यात टांगलेली एक गिऱ्हाइकाची पँटही गेली, आणि त्या गिऱ्हाइकाने अजून माझं तोंड पाहिलेलं नाही. तेव्हापासून वकिलाने नियमाला पोटनियम जोडला: कार्यालय 'बाहेर या' म्हणालं, की दाराला आतून कडी.

अशा या गल्लीत दवंडीचा शब्द मानणारं एकच घर होतं, गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या उंच टाकीच्या अगदी पायथ्याशी. तिथे त्याची आत्या राहायची. सगळी गल्लीच त्यांना आत्या म्हणते. आईबाप गेल्यावर त्यांनीच याला वाढवला. लहानपणी हा तोंडातून शब्द काढत नसे. आत्यांनी त्याला रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोलायला लावलं. आवाज घुमायचा, पोराला मजा वाटायची, तो आणखी बोलायचा. असा तो बोलता झाला. म्हणून आत्या आम्हाला ठणकावून सांगायच्या, "बोलायला मी शिकवलंय त्याला. खोटं बोलायला नाही शिकवलं."

दवंडी स्वतः कार्यालयाच्या गाड्यांच्या शेडमागे एका खोलीत राहायचा, गाडीची राखण म्हणून. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "मुलगी बघायला गेलो तर 'हो' म्हणेन ते खरं कोण मानेल?" आम्ही हसायचो. तोही हसायचा, पण जरा उशिरा.

आत्यांचं असं, की दवंडी म्हणाला पाणी येणार, की त्या मागच्या अंगणातल्या नळाखाली बादल्या लावून दूध आणायला जाणार. आम्ही विहिरीवरून हाशहुश करत येताना त्यांना चिडवायचो. आणि गंमत बघा, त्या दुधाची पिशवी घेऊन परत येईतो बादल्या काठोकाठ भरलेल्या असायच्या. "माझ्याकडे तर आलं बाई," आत्या म्हणायच्या. "तुम्हीच नळाशी नीट वागत नसाल."

त्यातली गोम फक्त मला ठाऊक होती, कारण माझ्या मशीनसमोरची खिडकी त्यांच्या अंगणावर उघडते. आत्या वळणाआड गेल्या की दवंडी गाडी लावून यायचा, विहिरीवरून खेपा घालून बादल्या भरायचा, नळाची तोटी ओल्या हाताने पुसायचा आणि पसार व्हायचा. 'पाणी येणार नाही' अशी घोषणा करून पाणी आलंच, तर लपतछपत येऊन आत्यांचा कॉक फिरवून बंद करायचा. कार्यालयाला जे अख्ख्या वस्तीत जमलं नाही, ते हा एकटा माणूस एका घरापुरतं करत होता. एकदा मी त्याला खिडकीतून हटकलं, "का रे बाबा एवढा आटापिटा?" बादली खाली ठेवून तो म्हणाला, "मास्तर, दिवसभर हजार लोकांपुढे बोलतो. एक तरी माणूस हो म्हणणारं नको का? तेवढं गेलं तर मी कर्ण्यात तोंड घालून बोललो काय आणि हंड्यात घालून बोललो काय." मी तोंडाला कुलूप लावलं. मी वकिलाच्या पंथातला असलो, तरी अगदीच दगड नाही.

तर ती टाकी. आमच्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठी. खांबांचं सिमेंट खपल्यांसारखं निघालेलं, आतले गज गंजून फुगलेले, बुडातून सदा ठिबकणारं पाणी. तक्रार करून करून आम्ही थकलो. तक्रारपेटीला कार्यालयाने भलंथोरलं कुलूप लावलेलं होतं, लोक आतल्या तक्रारी पळवतील म्हणून. आणि किल्ली कोणाकडे आहे याची तक्रार टाकायलाही तीच पेटी होती. मग एके दिवशी सकाळी टाकीच्या बुडाशी आडवी भेग पडली आणि तिच्यातून पाण्याची चिळकांडी उडू लागली. इंजिनिअर आला, मान वर करून बघितलं, मान खाली घातली आणि चालता झाला.

थोड्याच वेळात दवंडीची गाडी आली. कर्ण्यातून आवाज आला, "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, येथील जलकुंभ धोकादायक अवस्थेत असून रहिवाशांनी आपापली निवासस्थाने तात्काळ रिकामी करावीत. कसूर केल्यास होणाऱ्या परिणामांस कार्यालय जबाबदार राहणार नाही."

गल्लीत पटापट दारं लागली. आतून कड्या पडल्याचे आवाज आले. वकील मात्र दुकानापुढे खुर्ची टाकून बसला. "आली धुरळणी," तो म्हणाला. "या वेळी पायऱ्या नाहीत, अख्खी घरंच मारणार."

कानाचं काम झालं होतं. दाखला टपरीतच तयार होता, तो खिशात घालून तो सायकलवर टांग मारून गेला.

दवंडी गाडीतून उतरला. कागद सोडून तो बोलतोय हे मी पहिल्यांदा ऐकलं. माइकशिवाय त्याचा आवाज केवढासा होता! दारोदार जाऊन तो सांगत होता, "अहो, आज खरं आहे. मलाही कागद बघून खरं वाटलं नव्हतं. पण साहेबांची गाडी रोज टाकीच्या सावलीत असते ना, ती साहेबांनी स्वतः किल्ली लावून काढली आणि लांब नेऊन लावली. ड्रायव्हरची वाटही नाही बघितली!"

हा पुरावा खरोखर बिनतोड होता. कार्यालयाचा कागद खोटं बोलेल, साहेब खोटं बोलेल, पण साहेबाची गाडी खोटं बोलणार नाही. क्षणभर मीसुद्धा चपलेत पाय घातला. पण वकील तो वकील. "म्हणजे बुलडोझरला जागा केली," तो म्हणाला, आणि माझा पाय चपलेतून आपसूक बाहेर आला.

बाहेर आलेलं एकच माणूस होतं. आत्या. दवंडीची घोषणा संपते न संपते तोच त्यांनी गाठोडं बांधलं, दाराला कुलूप लावलं आणि त्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. खिडक्याखिडक्यांतून लोक त्यांना हसत होते. "आत्या, कुठे निघालात? तीर्थाला?" कोणीतरी ओरडलं. आत्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

दवंडीने आणखी एक फेरी मारली. आवाज चढवला. हात जोडले. एका दारापुढे तर तो पायरीवर डोकं टेकवायचाच बाकी राहिला, म्हणजे पायरी शिल्लक असती तर टेकवलंही असतं. जितका तो कळवळून सांगे तितकी आमची खात्री पक्की होत जाई. कार्यालयाने याला एवढं रडायला लावलंय, म्हणजे डाव मोठा आहे! वरून सिमेंटचा एक गोळा सुटला आणि आत्यांच्या अंगणात धप्पकन पडला. "बघा," वकील म्हणाला, "वर माणूस चढवून ठेवलाय दगड टाकायला."

दवंडी गाडीत जाऊन बसला. मग त्याने काचेवरचा कागद काढून घडी घालून खिशात ठेवला, मफलर सारखा केला, माइक उचलला आणि आपला जुना, गुळगुळीत, सरकारी आवाज लावला.

"नागरिकांनी घाबरून जाऊ नये. जलकुंभ पूर्णपणे सुरक्षित आहे. जलकुंभास कोणताही धोका नाही. अफवांवर विश्वास ठेवू नये. कोणीही आपले घर सोडून जाऊ नये. परिस्थिती नियंत्रणात आहे."

वकिलाचं तोंड पांढरंफटक पडलं. 'सुरक्षित आहे' इथवर त्याने धीर धरला होता. 'अफवांवर विश्वास ठेवू नये' ऐकून तो खुर्चीतून उठला. आणि 'परिस्थिती नियंत्रणात आहे' हे शब्द कानावर पडताच आमच्या त्या बिनीच्या शिलेदाराने अशी बोंब ठोकली, की कर्णे फिके पडावेत. "पळा! पळा रे! मेलो!"

मग काय विचारता! दारं उघडली, माणसं बाहेर पडली, म्हातारी पाठुंगळीला, पोरं काखोटीला. मी शिवणयंत्राचं डोकं खिळ्यांतून उचकटून खांद्यावर घेतलं. बायकोने काय घेतलं याची मी चौकशीही केली नाही, याचा हिशेब पुढे बरेच दिवस चालला. गाडी गल्लीच्या मधोमध उभी होती आणि दवंडी आत बसून पुन्हा पुन्हा सांगत होता, "कोणीही घाईगर्दी करू नये, सर्व काही ठीक आहे." दर घोषणेला आमचा पळायचा वेग वाढत होता. त्याला शिव्या घालत घालत आम्ही त्याच्यासमोरून धावलो. "लाज नाही वाटत खोटं बोलायला!" असं एक बाई त्याच्या तोंडावर बोलून गेली. तो नुसता मान हलवत होता आणि रडत होता, आणि माइकवर मात्र त्याचा आवाज तसूभर हलत नव्हता.

गल्ली रिकामी झाली. मैदानावर तो आमच्यामागोमाग आला. चेहऱ्यावर असा आनंद, जणू जन्मात पहिल्यांदा कोणी त्याचं ऐकलं होतं. सगळ्यांवरून नजर फिरवत तो फिरत होता. तेवढ्यात माझी बायको म्हणाली, "आत्या कुठे दिसत नाहीत त्या?"

आत्या गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांत आधी येऊन उभ्या होत्या ना? होत्या. मग दवंडीची नवी घोषणा झाली. जलकुंभ सुरक्षित आहे, कोणीही घर सोडून जाऊ नये. आत्यांनी गाठोडं उचललं, आमच्या सगळ्यांच्या गर्दीतून, दवंडीच्याही नजरेस न पडता, उलट्या दिशेने वाट काढली, कुलूप उघडलं आणि त्या घरात गेल्या.

दवंडीला हे समजायला डोळ्याची पापणी लवेल तेवढाही वेळ लागला नाही. तो धावत सुटला. मी शूरवीर नाही, पण बायको म्हणाली, "बघता काय, जा मागून!" म्हणून गेलो.

टाकीतून आता धारच लागली होती. खांब कण्हल्यासारखा आवाज येत होता. आत्या आत चहाचं आधण ठेवून बसल्या होत्या.

"आत्या, बाहेर चल," दवंडी उंबऱ्यातूनच ओरडला. "टाकी पडतेय!"

"आं? आत्ता तर सांगितलंस, काही धोका नाही म्हणून."

"ते खोटं होतं, आत्या."

"आणि सकाळचं?"

"ते खरं होतं."

आत्यांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग मायेने म्हणाल्या, "तुला ना त्या वकिलाने फितवलंय. अरे, माइकवर तू कधी खोटं बोलशील का? दमलायस तू. बस, चहा घे."

त्याने हात धरून ओढायला पाहिलं. आत्यांनी हात सोडवून घेतला आणि पलंगाचा पाय धरला. अंगाने बारीक बाई, पण विश्वासाचं बळ फार वाईट. मीही म्हणालो, "आत्या, खरंच चला हो." त्या मला म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही याचं कधी खरं मानलंत? मग आज मला का शिकवताय?"

छपरावर काहीतरी आदळलं. चहाच्या भांड्यात माती पडली. दवंडी खाली बसला, आत्यांच्या समोर, आणि म्हणाला, "आत्या, तुझ्या नळाला पाणी यायचं नाही."

"येतं की."

"यायचं नाही. मी भरायचो. विहिरीवरून. तू दुधाला गेलीस की."

"तोटी ओली असायची."

"मीच करायचो ओली."

आत्यांनी पलंगाचा पाय आणखी घट्ट धरला.

"सगळं खोटं असायचं, आत्या. रस्ता, पाणी, सगळं. मला ठाऊक असायचं आणि मी बोलायचो. माइकवर आजवर मी जेवढं बोललो त्यातलं तू काही म्हणजे काही खरं मानू नकोस."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

आत्यांनी पलंगाचा पाय सोडला. आधी गॅस बंद केला. मग उठल्या. दवंडीने पुढे केलेला हात त्यांना दिसला नसेल असं मला म्हणता येणार नाही, तो अगदी त्यांच्या पुढ्यात होता. त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तर, हात द्या जरा," म्हणाल्या, आणि गाठोडं तिथेच टाकून माझ्या आधाराने बाहेर पडल्या. दवंडी आमच्या मागून चालत होता. आम्ही मैदानाच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा टाकी खाली आली. आवाज मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की टोकाची घरं, माझं दुकान आणि त्याची खिडकी, यातलं काही उरलं नाही, आणि माणूस मात्र एकही गेलं नाही.

यानंतर जे झालं ते ऐकून हसावं की रडावं ते तुम्हीच ठरवा. कार्यालयात आनंदीआनंद झाला. कानाचा दाखला स्पष्ट होता: घोषणा कागदाबरहुकूम झाली. घोषणा झाली, लोक बाहेर पडले, एकही बळी नाही. साहेबांचा वरून सत्कार झाला. त्यांनी भाषणात सांगितलं, की नागरिकांचा प्रशासनावर असलेला अढळ विश्वास हीच आमची कमाई. समोर बसलेल्या कानाने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या, आणि ऐकण्याच्या कामातल्या निष्ठेबद्दल त्यालाही एक शाल मिळाली.

आमच्याकडेही आनंदीआनंदच. वकिलाचा नियम सगळ्यांचे जीव वाचवून गेला होता! "ऐकलं असतं त्या दवंडीचं, तर आज आपण कुठे असतो?" असं तो ज्याला त्याला विचारत होता. लोकांनी अर्ज केला, की धोका असताना टाकी सुरक्षित असल्याचं धडधडीत खोटं सांगणाऱ्या उद्घोषकावर कारवाई व्हावी. मी सही केली नाही, म्हणून माझ्याकडे लोक संशयाने बघू लागले. कार्यालयाचं उत्तर आलं, की अशी कोणतीही घोषणा झालेली नाही, तसा दाखला उपलब्ध आहे, अर्जदारांनी कान तपासून घ्यावेत. "दडपलं!" वकील खुशीत म्हणाला. दोन्ही बाजूंचा एकमेकांबद्दलचा समज पूर्ण खरा ठरला होता, मग तक्रार कोणाची असणार?

दवंडीला बक्षीस मिळालं नाही आणि शिक्षाही झाली नाही. तो तात्पुरताच राहिला.

आम्हाला एका जुन्या गोदामात पडदे लावून जागा दिल्या. तात्पुरत्या. आमच्या शेजारचा पडदा आत्यांचा. आत्या आता आमच्यातल्या झाल्या आहेत. दवंडीची गाडी आली की कान देऊन ऐकतात आणि ऐकून झालं की माझ्या बायकोला विचारतात, "म्हणजे काय समजायचं गं?" बायको वकिलाचा नियम लावून सांगते. आत्या मान डोलावतात. शिकल्या म्हणायच्या, उतारवयात.

परवाची गोष्ट. दुपारी दवंडी गोदामात आला होता. चेहरा उतरलेला बघून माझ्या बायकोने त्याला आमच्याकडेच जेवायला बसवला. नको नको म्हणत पोटभर जेवला. मी समोर बसून पाहिलंय. हात धुऊन तो पडद्यापलीकडे आत्यांकडे गेला. मीही उगाच मागे गेलो.

"जेवलास का?" आत्यांनी विचारलं.

"हो, जेवलो आत्ताच."

आत्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पडद्याकडे तोंड करून त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "ऐकलंस का गं? जेवलो म्हणतोय. म्हणजे सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही."

"अहो आत्या, खरंच जेवलेत," बायको पलीकडून म्हणाली. "आमच्याकडेच."

"तू नको त्याला पाठीशी घालूस."

"आत्या, शप्पथ, मी जेवलोय," दवंडी म्हणाला. त्याचा तो आवाज, जो बंद दारातून आत शिरायचा, तो पडद्याच्या कापडातूनही पलीकडे गेला नसेल. आत्या ताट वाढत होत्या. मी मध्ये बोलणार होतो, पण त्याने मला डोळ्यांनी नको म्हटलं. त्याच्याजवळ असा एकही शब्द उरला नव्हता जो बोलल्यावर आत्यांचा हात थांबला असता.

मग तो मांडी घालून बसला, ताट पुढे ओढलं आणि निमूटपणे पहिला घास घेतला.

"सावकाश खा," आत्या त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या. "किती भुकेला आहेस."